चाल मात्र विसरत नाही

कर्जतहून मुंबईकडे सुटणाऱ्या सकाळच्या लोकलला भजनाचा डबा असतो. भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी करत गाडी पुढे सरकते, तशी मंडळी आपापल्या ठरलेल्या जागी येऊन बसतात. पिशवीतून टाळ निघतात, एकाच्या मांडीवर ढोलकी येते, आणि ढोलकी नसेल तर डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला जातो. एकजण चरण सांगतो, बाकीचे झेलतात. कल्याण येईस्तोवर कोपर हलवायलाही जागा उरत नाही, तरी अभंग तुटत नाही. नोकरीची पंचवीस-तीस वर्षं अशी गात काढलेली माणसं कर्जत आणि खालापूर तालुक्यांत गावोगाव आहेत.

त्यांतलेच कुणी आजोबा अठ्ठ्याहत्तरीला आले आणि त्यांना स्मृतिभ्रंशानं गाठलं, असं धरून चाला. जेवून हात धुतात आणि लगेच विचारतात, "मला कधी वाढणार?" मुलाला ते आपला थोरला भाऊ समजतात. सुनेनं पैसे चोरले म्हणून आळीभर सांगत सुटतात. संध्याकाळी मात्र शेजारच्या देवळात हरिपाठ सुरू झाला, की पहिल्या चरणामागचा दुसरा चरण त्यांच्या तोंडून येतो, शब्दाला शब्द आणि सुराला सूर लावून. टाळ हातात दिला तर दोरी बोटाला नेहमीसारखा वेढा घालते आणि टाळ समेवरच पडतो. मुलाचं नाव गेलेलं असतं आणि अभंगाची चाल जागच्या जागी असते. घरच्यांना हे पाहून गहिवरून येतं, कधीकधी रागही येतो: आमचं नाव आठवत नाही, अभंग बरा आठवतो! त्या रागातही चूक काही नाही. पण काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आजोबांनी ठरवलेलं नसतं. मेंदूची घडणच तशी आहे, आणि ती जितकी समजत जाते तितका माणूस थक्क होत जातो.

स्मृतिभ्रंशाचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगुस्टे नावाच्या पन्नाशीतल्या बाईंना तपासलं, त्या वारल्यावर त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १९०६ साली आपली निरीक्षणं सहकाऱ्यांपुढे ठेवली. आज आपल्याला माहीत आहे, की या आजारात सगळ्यांत आधी झिजू लागणाऱ्या भागांत हिप्पोकॅम्पस येतो. दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर तो एकेक असतो. आज कोण आलं, काय बोलणं झालं, काय जेवलो, याची नवी नोंद करणं हे त्याचं काम. तो झिजला की नोंदच होत नाही. म्हणून "मला कधी वाढणार" हा प्रश्न हट्टाचा नसतो. त्यांच्यापुरतं ते जेवण झालेलंच नसतं.

गाण्याची आठवण या एकाच जागी ठेवलेली असती, तर तीही अशीच पुसली गेली असती. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली या कोड्याचा छडा लावायचा प्रयत्न केला. निरोगी तरुण माणसांना त्यांनी तीन तऱ्हेची गाणी ऐकवली: वर्षानुवर्षं ओळखीची, नुकतीच ऐकवलेली आणि कधीच न ऐकलेली. ऐकताना मेंदूत काय घडतं हे स्कॅनवर पाहिलं. जुन्या ओळखीच्या गाण्याला मेंदूच्या मध्यरेषेजवळचे, हालचालीची आखणी करणाऱ्या पट्ट्यातले दोन छोटे भाग खास जागे होत होते. मग त्यांनी अल्झायमर झालेल्या माणसांचे मेंदू तपासले. इतर भाग आक्रसले होते, साखर जाळायचं काम मंदावलं होतं, आणि नेमके हेच भाग सगळ्यांत कमी झिजलेल्यांत होते. आजार तिथेही पोचतो, पण फार उशिरा.

हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ त्या पानावरच थांबलो होतो. जुन्या गाण्याची आठवण हालचालीच्या शेजारी नांदते! म्हणजे गाणं 'आठवणं' हे बरंचसं गाणं 'करणं' आहे. श्वास कुठे घ्यायचा, जीभ कुठे टेकवायची, टाळी कुठे द्यायची, मान कुठे हलवायची. अनेक वर्षं रोज केलेल्या कामाची स्मृती मेंदूच्या तळातल्या गाठींत आणि लहान मेंदूत मुरलेली असते, आणि अल्झायमरमध्ये ते भाग बराच काळ तग धरतात. ज्या आजींना आज वार कुठला हे सांगता येत नाही, त्यांच्यापुढे पीठ ठेवा, भाकरी हातावर थापली जाते. अभंगाचंही तसंच.

आणखी दोन गोष्टी इथे जोडायला हव्यात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पेत्र यानाता यांनी २००९ साली दाखवलं, की ऐकलेल्या गाण्याशी स्वतःची एखादी आठवण जोडलेली असेल, तर कपाळामागचा मधला भाग त्या सुरांच्या चालीबरोबर चालू लागतो. सूर आणि 'मी' यांची गाठ तिथे पडते, आणि हाही भाग या आजारात उशिरा झिजणाऱ्यांपैकी आहे. दुसरी गोष्ट आनंदाची. माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ साली मोजून दाखवलं, की आवडत्या गाण्यातली आवडती जागा आली की मेंदूत डोपामिन स्रवतं, आणि ती जागा येणार, येणार, अशी वाट पाहतानाही स्रवतं. हरिपाठातला कुठला चरण पुढे येणार हे आजोबांना माहीत असतं. दिवसभरात दुसरं काहीच पुढे काय येणार ते त्यांना कळत नाही. या एका गोष्टीत त्यांचा अंदाज बरोबर ठरतो, दर ओळीला ठरतो. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण का उतरतो, याचं मला पटलेलं उत्तर हे आहे.

कर्जत स्थानकावर वाढलेल्या माणसाला एक दृश्य सवयीचं असतं. पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, तिच्या मागे जादा इंजिनं जोडली जातात, आणि भोर घाटाचा सदतिसास एक असा चढ ती गाडी त्या मागच्या रेट्यानं चढून जाते. अडखळणाऱ्या शब्दांमागे चाल तशीच उभी राहते. साधं वाक्य बोलताना जो माणूस तिसऱ्या शब्दाला थबकतो, तोच गाताना अख्खं कडवं ओलांडतो, कारण लय त्याला मागून ढकलत असते.

आता हे सगळं कौतुक एका बाजूला. घरात खरा पेच पडतो तो विसरण्यामुळे कमी आणि वागण्यामुळे जास्त. रात्रभर जागणं, येरझाऱ्या, कडी काढून बाहेर पडणं, संशय, आरडाओरडा, आंघोळीला नकार, अंगावर धावून जाणं. गावात याला चळ लागला म्हणतात, भ्रमिष्ट झाले म्हणतात, आणि घरची सून किंवा लेक हे सगळं एकटीनं निस्तरत राहते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना डॉ. मोहन आगाशे यांचे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आठवतील, हत्तीच्या मागे चालत निघून गेलेले. कर्जतसारख्या ठिकाणी, जिथे रेल्वेचे रूळ, नदी आणि महामार्ग गावाला खेटून आहेत, तिथे असं निघून जाणं जिवावरचं असतं.

अशा वेळी झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्या मागितल्या जातात. काही वेळा त्या लागतातही, आणि ते डॉक्टरांनीच ठरवावं. पण भ्रम आटोक्यात आणणाऱ्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ साली आपला सगळ्यांत कडक इशारा दिला होता: स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की आधी औषधाविना जे करता येईल ते करून पाहा. त्या उपायांत संगीत आहे.

सगळ्यांत कठीण वेळ असते दिवेलागणीची. उजेड उतरतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा शीण चढलेला असतो, आणि मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळही बिघडलेलं असतं. नेमक्या त्या वेळी माणूस उठून उभा राहतो आणि म्हणतो, "मला घरी सोड." स्वतःच्याच घरात बसून म्हणतो. "हेच तुमचं घर," असं समजावलं की जास्त चिडतो. त्याला हवं असलेलं घर बहुधा साठ वर्षांपूर्वीचं असतं, ज्यात आई असते.

आणि आपल्याकडे दिवेलागणीला काय होतं? देवापुढे दिवा लागतो, शुभंकरोति म्हटलं जातं, देवळात हरिपाठ होतो. मशिदीत मगरिबची अजान होते, बुद्धविहारात वंदना होते. ज्या घडीला या आजारात माणसाचं मन सैरभैर होतं, त्याच घडीला आपल्या गावांनी वर्षानुवर्षं रोज तेच सूर, त्याच क्रमानं, चारचौघांत म्हटले आहेत. आजाराचा विचार करून हे कुणी रचलेलं नाही. तरी या जुळून येण्याचं मला फार अप्रूप वाटतं.

या वेळेबद्दल अमेरिकेतल्या लिंडा गर्डनर या परिचारिका-संशोधिकेनं एक उपयोगी गोष्ट शोधून ठेवली आहे. माणूस कुठल्या वेळी अस्वस्थ होतो हे काही दिवस टिपून ठेवायचं आणि त्या वेळेच्या साधारण अर्धा तास आधी त्याचं गाणं लावायचं. अस्वस्थता शिगेला पोचल्यावर गाणं लावलं तर तो आणखी एक गोंगाट ठरतो. त्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ माणसं होती. त्यांना कधी मन निववणारं म्हणून विकलं जाणारं पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकवलं, तर कधी त्या-त्या माणसाच्या आवडीचं. स्वतःच्या आवडीच्या गाण्यानं अस्वस्थता जास्त उतरली.

म्हणजे 'शांत संगीत' नावाची सगळ्यांना चालणारी बाटली नसते. अमुक रागानं स्मरणशक्ती परत येते, तमुक रागानं अल्झायमर बरा होतो, असे दावे आपल्याकडे छातीठोकपणे केले जातात. त्यांना आधार नाही आणि थकलेल्या कुटुंबाला ते विकणं मला निर्दय वाटतं. शास्त्र काय म्हणतं ते सरळ सांगावं. कॉक्रेन या संस्थेनं २०२५ साली १५ देशांतले ३० अभ्यास, १७२० माणसं, अशी एकत्र छाननी केली. किमान पाच बैठकांच्या संगीतोपचारानं उदासी थोडी कमी होते आणि एकंदर वागणं सुधारत असावं, असं दिसलं. चिडचिड आणि आक्रमकपणा यांवर मात्र एकत्रित आकड्यांत खास फरक दिसला नाही, स्मरणशक्तीवरही नाही. उपचार थांबल्यानंतर गुण किती टिकतो हेही पक्कं नाही. गाणं आजार मागे फिरवत नाही. ते एक संध्याकाळ सोपी करतं. ज्यानं अशा संध्याकाळी काढल्या आहेत, त्याला एका सोप्या संध्याकाळची किंमत सांगावी लागत नाही.

मग 'त्याचं गाणं' कुठलं? याला एक सोपा हिशेब आहे. माणसाला आयुष्यातली सगळ्यांत ठसठशीत आठवण राहते ती साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधली, आणि गाण्यांना हे जास्तच लागू पडतं. आज ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या आजींचं ते वय त्रेपन्न सालाच्या आसपास सुरू होतं. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून सुरू झालं, आठवड्याला एक गीत, अशी माडगूळकरांची ५६ गीतं सुधीर फडक्यांच्या चालींत वर्षभर घराघरांत गेली. ज्या घरात रेडिओ होता, तिथली तेव्हाची बारा-तेरा वर्षांची मुलगी आज त्या चाली विसरलेली नसते. रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला १९५२ पासूनची. मुंबई आकाशवाणीची 'आपली आवड', 'कामगार सभा' हे गिरणीतून सुट्टीला आलेल्यांच्या कानांत बसलेलं.

पण रेडिओ सगळ्यांच्या घरात नव्हता, आणि इथे कर्जत-खालापूरचा विचार वेगळा करावा लागतो. पळसदरी-खोपोलीच्या बाजूच्या एखाद्या आगरी आजींना गीतरामायण लावून दिलं, तर त्या नुसत्या पाहत राहतील. त्यांच्या कानातलं गाणं धवल्याचं. हळद, मांडव, देव बोलावणं, लग्नातला प्रत्येक विधी धवलारीण गाण्यानंच पार पाडते, आणि बाकीच्या बायका मागून म्हणतात. लहानपणापासून प्रत्येक लग्नात ऐकलेलं, मग म्हटलेलं, चाल एका संथ लयीत पुन्हा पुन्हा फिरणारी. स्मृतीला याहून सोयीचं गाणं क्वचितच असेल. शेतावरच्या बाईला भातलावणीची भलरी आठवते, कंबर वाकलेली, पाय चिखलात, आणि सगळ्यांचे हात एका ठेक्यावर. दोन्ही तालुक्यांतल्या ठाकरवाड्यांत आणि कातकरीवाड्यांत नाचाची गाणी पायांत असतात. तिथे म्हाताऱ्या माणसाला बसवून ऐकवण्यापेक्षा हात धरून दोन पावलं टाकली तर जास्त उमगतं. बौद्ध वस्तीतल्या आजोबांना वामनदादा कर्डकांची गाणी, मुस्लिम घरात नात-शरीफ आणि कव्वाली. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या कार्तिकी जत्रेत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना तिथली भजनं.

आणि जातं. हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी घाटमाथ्यावरच्या मुळशी भागातल्या आहेत, म्हणजे डोंगरापलीकडच्याच. गिरणी आल्यावर जाती कोपऱ्यात गेली, ओवी गळ्यातून गेली नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींसमोर जातं ठेवून खुंट्याला हात लावून द्यावा. दगड फिरू लागला की ओवी पुष्कळदा आपण होऊन येते, कारण ती शिकली तेव्हा हात आणि गळा एकत्रच शिकले होते. पहाटे दळताना ती बाई सासरचं सगळं दुःख त्या दगडाला सांगत असे. आज तिला त्या दुःखाची माणसं आठवत नसतील, गळ्याला ओवी मात्र ठाऊक असते.

आंघोळीचं उदाहरण जवळून पाहू, कारण घराघरांतली मोठी लढाई तिथेच होते. आजींच्या बाजूनं विचार करा: ओळख न पटणारी एक बाई हाताला धरून ओढते, लुगडं सोडायला लावते, अंगावर पाणी ओतते. कुणीही ओरडेल. गाणं न्हाणीत गेल्यावर सुरू करायचं नाही, आधी ओटीवर चहा पिताना सुरू करायचं. पट्टी खाली घ्यायची, वयानुसार गळा उतरलेला असतो आणि आपण चढ्या सुरात धरलं तर आजींना लागत नाही. लयही थोडी बसकी. एक ओळ आपण म्हणायची आणि थांबायचं. पुढची ओळ त्यांच्याकडून आली तर सोनं, नाही आली तर आपणच हलकेच पुरी करायची. "म्हणा ना, येतं ना तुम्हाला!" असं कधीही म्हणू नये. ती परीक्षा होते, आणि परीक्षेत नापास होऊन होऊनच तर त्या रडकुंडीला आलेल्या असतात. मग त्याच लयीवर उठायचं, त्याच लयीवर चालायचं. न्हाणीत पाणी आधी पायांवर, तेही त्यांच्या हाताला तांब्या लावून. ओळीच्या शेवटी एक तांब्या. रोज तेच गाणं, तोच क्रम. काही दिवसांत पुष्कळदा असं होतं, की गाणं सुरू झालं की पुढे आंघोळ आहे हे मनाला कळत नसलं तरी अंगाला कळतं.

काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. यूट्यूबवर अभंग लावला की मध्येच जाहिरात कडाडते आणि सगळं बिघडतं. गाणी आधी उतरवून फोनमध्ये किंवा छोट्या स्पीकरवर ठेवावीत. त्या वेळी टीव्ही बंद हवा. कानात घालायच्या इअरफोनना काही जण घाबरतात. दिवसभर गाणं चालू ठेवलं तर त्याचा नुसता आवाज होतो, वीस-तीस मिनिटं पुरतात. ऐकूच कमी येत असेल तर आधी कानातला मळ आणि श्रवणयंत्र बघावं. श्रवणदोषाचा स्मृतिभ्रंशाशी असलेला संबंधही आता पक्का मानला जातो. आणि प्रत्येक गाणं सुखाचं नसतं. एखाद्या अंगाईनं गेलेल्या लेकराची जखम उघडते. डोळ्यांत पाणी येणं वाईटच असं नाही, पण श्वास जोरात चालला, हात आवळले, तर ते गाणं बाजूला ठेवावं आणि घरातल्या सगळ्यांना तसं सांगून ठेवावं.

एक फार महत्त्वाचं. वागणं एक-दोन दिवसांत अचानक बिघडलं तर गाणं नको, डॉक्टर हवा. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दुखरा दात, पडून झालेलं फ्रॅक्चर, नवीन औषध, यांतलं काहीही असू शकतं, आणि त्या माणसाला ते सांगता येत नाही. तो फक्त ओरडतो.

हा प्रश्न शहरातल्या फ्लॅटमधलाच आहे असं कुणी समजू नये. देशभरच्या लासी-डॅड या पाहणीचा २०२३ साली आलेला अंदाज सांगतो, की साठीपुढच्या भारतीयांत १०० मागे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, एकूण सुमारे ८८ लाख. आणि खेड्यांत प्रमाण शहरांपेक्षा जास्त. उपचाराच्या आणि देखभालीच्या सोयी मात्र उलट्या वाटलेल्या. कर्जत तालुक्यात नेरळला, माथेरानच्या पायथ्याशी, डिग्निटी फाउंडेशननं उभारलेली ज्येष्ठांची वसाहत आहे, आणि तिथे स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळायची सोय आहे. शीलू श्रीनिवासन यांनी १९९५ साली मुंबईत ही संस्था सुरू केली. अशी ठिकाणं हवीतच. पण पाच मैलांवरच्या वाडीतली म्हातारी तिथे जाणार नाही, ती घरातच राहणार आणि घरच्याच माणसांनी तिला सांभाळायचं आहे.

त्यासाठी आपल्या शेजारचंच एक उदाहरण आहे. गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जात, हा आजार आहे हे समजावत, कुठल्या वागण्याला कसं तोंड द्यायचं ते सांगत, सांभाळणाऱ्या बाईचं ऐकून घेत. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्यानं स्पष्टपणे कमी झाला. मोठं रुग्णालय लागलं नाही. कर्जत-खालापूरच्या प्रत्येक गावात आशाताई आहेत. घराघरांत जाऊन बाळाचं वजन आणि लसी विचारणाऱ्या या बाया म्हाताऱ्यांची झोप, पडणं आणि विसरणंही विचारू शकतात. त्या चौकशीत आणखी एक प्रश्न घालावा असं मला मनापासून वाटतं: यांना कुठली गाणी येतात?

कारण ही माहिती आज घरात कुणाकडेच नसते. बापाची रक्तातली साखर मुलाला माहीत असते, बाप पंधरा वर्षांचा असताना कुठल्या भजनी मंडळात झांज वाजवायचा हे माहीत नसतं. आणि आजार बळावल्यावर विचारायचं कुणाला? म्हणून आई-वडील धडधाकट आहेत तेव्हाच एखाद्या दुपारी बसून विचारावं. लग्नात कुठली गाणी म्हणायचात? लावणीच्या वेळी पुढे कोण म्हणायचं? पहिला सिनेमा कुठला, कर्जतला पाहिला की मुंबईला? झोपवताना आजी काय गुणगुणायची? कुठलं गाणं नको वाटतं? उत्तरं वहीत उतरवून ठेवावीत. आणि त्यांना गायला लावून फोनवर ध्वनिमुद्रण करावं, कारण गीतरामायण कुठेही मिळेल, आपल्या गावच्या चालीतला धवला कुठल्याच दुकानात मिळत नाही. पुढे कधी वेळ आलीच, तर ओळखीच्या सगळ्या आवाजांत स्वतःचा तरुण आवाजही त्यांना ऐकवता येईल. देखभालीबद्दल अडलं तर ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे, मनाच्या आजारांसाठीची टेलिमानस १४४१६ वर.

धवले मुखोद्गत असलेल्या आगरी आजी आज बहुतेक सत्तरीपुढच्या आहेत. खालापुरात येत्या लग्नसराईला मांडव पडतील, हळदीच्या रात्री त्या गातील. नातवंडांनी त्या रात्री फोन त्यांच्याजवळ ठेवावा, सबंध रात्र, आणि सकाळी प्रत्येक गाण्यापुढे ते गाणं कुणी म्हटलं त्या आजीचं नाव लिहावं.